पोचेला पोच

१३ जानेवारी १९९७, सोमवार

ही डायरी सुधीरच्या बँकेने दिलेली. दरवर्षी मी तिच्यात पेपरातल्या पाककृती कापून चिकटवते. आज सुधीर म्हणाला, "वैजू, ऑफिसातून आल्यावर जे बोलतेस ना, ते यात लिही. माझे कान वाचतील." नवऱ्याचे कान वाचवणं हा पत्नीधर्म, म्हणून लिहायला बसले आहे.

तर आमची रबाळ्याची रंगाची कंपनी शलाका पिग्मेंट्स बेलापूरच्या मेरिडॉनने विकत घेतली, हे दिवाळीपासून माहीत होतं. आज सर्क्युलर आलं. दोन्हीकडे कॉम्प्युटरवरून निरोप पाठवायच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत, त्या एक एप्रिलपासून एकच होणार. कुठली राहणार आणि कुठली जाणार ते बेलापूरचे जयप्रकाशसाहेब ठरवणार.

यात ठरवायचं काय आहे? आमच्याकडे 'निरोप' आहे. हे नाव मी ठेवलेलं. बाहेरचा प्रोग्रामर आणून तो बसवून घेतला, पण कॉम्प्युटरचं खातं माझं आणि डोकंही माझं. आठ वर्षं झाली, एकदा बंद पडला नाही. निरोप आला की त्या खात्यातला कॉम्प्युटर टूं टूं वाजतो आणि स्क्रीन अडून राहतो. एंटर दाबल्याशिवाय हलत नाही. एंटर दाबलं की माझ्या केबिनमधल्या प्रिंटरवर पोच उमटते, कुठल्या खात्याने कधी वाचलं ते.

टेलेक्सवर होते तेव्हापासूनची ही माझी सवय. तिकडच्या मशीनचं उलट उत्तर आलं नाही तर टेलेक्स गेला असं आम्ही धरतच नव्हतो. मेरिडॉनच्या मेलला असलं काही नाही म्हणे. पाठवलं की पाठवलं. समोरच्याने वाचलं की त्याच्या कुत्र्याने, देव जाणे.

१६ जानेवारी, गुरुवार

मेरिडॉनचा माणूस आला. माणूस कसला, पोरगा आहे. नौमान नाव, पनवेलचा, मिशी अजून नीट ठरलेली नाही. पण मराठी झकास बोलतो. मी म्हटलं, "अरे वा, मराठी कुठे शिकलास?" तर म्हणतो, "मॅडम, सात पिढ्या रायगडातच आहोत. शिकायला जायचं कुठे?" चूक माझीच होती.

तिळगूळ दिला. रोजा आहे म्हणाला, आणि रुमालात नीट बांधून खिशात ठेवला. चला, संस्कार आहेत.

मग त्याने ती मेल दाखवली. अगं बाई! ज्याला जसं हवं तसं. पोच द्यायची की नाही, हे वाचणारा ठरवणार. उत्तर एकट्याला जावं की सगळ्यांना, हे तो ठरवणार. खाली सही काय उमटावी, तेही तो ठरवणार. मी म्हटलं, "आणि त्याने काहीच ठरवलं नाही तर?" तर म्हणे, "मग डिफॉल्ट. म्हणजे कुणी काही सांगितलं नाही तर आपोआप जे होतं, ते." आणि पोचेचं डिफॉल्ट काय? बंद!

"नौमान," म्हटलं, "आमच्या घरी आमटीत गूळ घालायचा की नाही हे मी ठरवते. पाच माणसांना विचारत बसले तर आमटी होणार कधी?"

"मॅडम, मीठ बेताचं घालायचं आणि ताटात थोडं ठेवायचं. लागेल तो घेईल."

कानामागून आला आणि तिखट झाला. मी म्हटलं, माणसं मीठ घेत नाहीत, आळणी जेवतात आणि मग बोंबलतात. त्यावर हसला नुसता.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी आल्या आल्या टेबलावर चिठ्ठी. 'तिळगूळ मिळाला. मी एक खाल्ला, अम्मीने दोन. गूळ चांगला आहे म्हणाली.'

पोरगा उद्धट असेल, पण पोच द्यायची अक्कल आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

आज हसावं की रडावं कळेना.

दोन्ही पद्धती एकमेकींना जोडून बघायच्या होत्या. मी हट्ट धरला की बेलापूरहून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला रबाळ्याची पोच गेलीच पाहिजे. नौमान म्हणाला, "मॅडम, जरा विचार करू." मी म्हटलं, विचार मी आठ वर्षांपूर्वी केलेला आहे.

बेलापूरहून एक मेल आली. आमच्याकडून पोच गेली. आता बेलापूरला असं लावून ठेवलेलं होतं की बाहेरून काहीही आलं की 'आपला संदेश मिळाला, आभारी आहोत' असं आपोआप जावं. ते आलं. त्याला आमची पोच गेली. त्या पोचेला त्यांचे आभार. त्या आभाराला आमची पोच. मी चहाला गेले होते आणि नौमान नमाजाला. परत येतो तर प्रिंटरचा कागद जमिनीवर लोळतोय आणि दोन्हीकडचं सगळं ठप्प. बेलापूरहून फोनवर फोन.

हळदीकुंकवाला दोन बायका दारात उभ्या राहतात ना, "या हं", "तुम्ही या हं", "नक्की या हं", आणि चपलेत पाय काही जात नाही, अगदी तसं.

नौमानने वायर काढली आणि जमिनीवर बसून इतका हसला, इतका हसला की मला राग येईना. शेवटी मीही हसले. मग नियम केला, पोचेला पोच जाणार नाही. नियम त्याने केला, पण शब्द माझे. उद्या बेलापूरला सांगताना शब्द कुणाचे ते मी सांगेनच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ईद झाली. नौमानने स्टीलच्या डब्यातून शीरखुर्मा आणला. डब्यावर त्याच्या अम्मीचं नाव कोरलंय, सकिना. सुधीरने वाटी चाटूनपुसून ठेवली, आता डायबिटीसवाल्या डॉक्टरला काय सांगणार? डबा घासून ओट्यावर ठेवलाय. रिकामा कसा पाठवू? काहीतरी चांगलं करायला हवं, पण पुढच्या सोमवारी बेलापूरला मीटिंग आहे आणि मला चार्ट करायचाय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चार्ट झाला. मीच बघून खूश झाले. रबाळ्यात निरोप सुटला की पोच यायला मिनिटसुद्धा लागत नाही. एकेका ठिकाणी तर आवाज व्हायच्या आत पोच! ड्रायर खातं, म्हणजे रंग वाळवतात ते, सगळ्यांत पुढे. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा तिथून पोच येते, म्हणजे पंढरी डबा सोडून उठत असणार. पंढरी बोनकोड्याचा, पहिल्यापासून आमच्याकडे ड्रायरवर आहे. याला म्हणतात शिस्त. आणि बेलापुरात दोन-दोन दिवस मेल न वाचता पडलेल्या असतात. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

नौमान आज दिवसभर प्लँटमध्ये फिरत होता. मी काही प्लँटमध्ये जात नाही, त्या रंगाच्या धुळीने खोकल्याची ढास लागते. संध्याकाळी आला, शर्टावर निळे डाग. चार्ट बघितला आणि तोंड इतकंसं झालं.

"मॅडम, हा चार्ट सोमवारी नका दाखवू."

"का रे बाबा?"

"एकदा माझ्याबरोबर खाली या. मग ठरवा."

मी मनात म्हटलं, घाबरला! हरणार हे कळलंय त्याला. वाईट वाटलं थोडं, पण मैत्री मैत्रीच्या जागी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फत्ते!

जयप्रकाशसाहेबांनी चार्ट दोनदा बघितला. सोलापूरकडचा मोठा, सावकाश बोलणारा माणूस. म्हणाले, "बाई, हे आमच्या लोकांना का जमत न्हाई?" मेरिडॉनची सगळी टायवाली मंडळी खाली बघायला लागली. मी म्हटलं, "साहेब, माणसाला मोकळं सोडलं की तो वाचत नाही. अडवलं की वाचतो." टाळ्या पडल्या नाहीत, पण पडल्यासारखं वाटलं.

निरोप ठेवावा आणि मेरिडॉनवर बसवावा, असं जवळजवळ ठरलं. नौमानला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, "मला आत्ता काही सांगायचं नाही." बिचारा. येताना त्याला वाशीला थांबून उसाचा रस पाजला. त्यानेही गोड मानून घेतला.

घरी येऊन सुधीरला सगळं सांगितलं. "डायरीत लिही," म्हणाला. हे असलं घर.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जेवायच्या आधीच लिहायला बसले आहे.

सकाळी लॅबने निरोप पाठवला की आजची निळी बॅच ऐंशी अंशांवर वाळवा, शंभरवर नको. ड्रायरकडून लगेच पोच आली. दुपारी लॅबचा फोन, अख्खी बॅच करपली. शंभरवरच वाळवली होती. निळा रंग असा काळपट झाला की बघवेना.

वर्क्स मॅनेजर माझ्याकडे आले आणि पोचेचा कागद मागितला. म्हणाले, "पोच आहे म्हणजे पंढरीने वाचलं होतं. वाचून मुद्दाम केलं. याला घरी बसवतो." कागद माझ्या हातात होता. मी म्हटलं, थांबा, मी स्वतः विचारते. इतकी संतापले होते की खोकल्याबिकल्याचा विचार न करता तरातरा खाली गेले.

ड्रायरजवळच्या टेबलावर कॉम्प्युटर. त्याच्या एंटरच्या बटणावर एक भला मोठा लोखंडी नट ठेवलेला.

मी बघतच राहिले. तेवढ्यात एक निरोप आला. टूं वाजलं, स्क्रीन अडला आणि अडताक्षणी सुटला. नटाने पोच दिली. वर माझ्या केबिनमध्ये ती उमटली असेल, वेळेसकट.

पंढरी टोपी हातात घेऊन उभा. म्हणाला, "मॅडम, खोटा नाय बोलनार. नट मीच ठेवलाय. दिसभर टूं टूं वाजतंय. कँटीनला वाटाना हाय, त्याला पोच. सायबाचा वाढदिस हाय, त्याला पोच. पोच दिली नाय तं मशीन हालत नाय, न् हिकडं ड्रायर तापतंय. आमी हात कुटं कुटं लावाचा?"

"आणि कामाचा निरोप आला तर?"

"आवाज तं सगल्यांचा येकच हाय ना बाय."

प्रत्येक खात्यात गेले. सगळीकडे नट. पॅकिंगला तर दोन, एक सटकला तर दुसरा असावा म्हणून! किती दिवसांपासून, तर दोन-तीन वर्षं. मला सोडून सगळ्यांना माहीत. एकेक नट उचलून पर्समध्ये टाकत गेले.

वर आले तर नौमान दारात. मी विचारलं, "तुला माहीत होतं?" मान खाली घातली त्याने.

"मग मीटिंगमध्ये का नाही बोललास? जिंकला असतास की!"

"मॅडम, त्या सगळ्यांसमोर?" एवढंच म्हणाला.

मला काही कळेनासं झालंय. ज्याला जिंकायचंय तो असा गप्प का बसेल? की त्याला आधीच माझी कीव आली होती? कुणी माझी कीव केलेली मला चालत नाही.

१ मार्च, शनिवार

सोमवारी बेलापूरला चौकशी. मी कागद दिला आणि तोंड बंद ठेवलं तर पंढरी जातो आणि निरोप राहतो. नट दाखवले तर चूक एकट्या पंढरीची राहत नाही, सगळ्या रबाळ्याची होते, आणि निरोप बुडतो. निरोपाबरोबर मीही. ईडीपी, म्हणजे आमचं कॉम्प्युटरचं खातं, बेलापूरला जाईल आणि मला स्टोअर्सला बसवतील, ब्रश आणि बादल्या मोजायला.

सुधीरला विचारलं तर पेपरातून डोकं काढून म्हणाला, "तू ठरवलेलंच असतंस. मला फक्त कळवतेस." कधीतरी शहाण्यासारखं बोलतो.

मन कशात लागेना म्हणून सकिनाबाईंचा डबा काढला आणि ओल्या नारळाच्या करंज्या करायला घेतल्या. सारण परतताना एकदम मनात आलं, हा डबा मला रिकामा का पाठवता येत नाही? कुणी सांगितलंय? डबा काही ओट्यावर अडून बसलेला नाही. टूं टूं वाजत नाही. मी तसाच दिला असता तरी त्या माउलीने हसून घेतला असता. आणि असं कुणी अडवून ठेवलं असतं की डबा भरल्याशिवाय स्वयंपाकघराबाहेर पडायचं नाही, तर? मी पहिल्याच दिवशी मूठभर चुरमुरे टाकून मोकळी झाले असते. मीसुद्धा नटच ठेवला असता!

इतकी वर्षं मी ज्याला शिस्त म्हणत होते ती नटांची होती. लिहायलाही लाज वाटते, पण लिहिलं. करंज्या मात्र सुरेख झाल्या. एकही फुटली नाही.

३ मार्च, सोमवार

जयप्रकाशसाहेबांच्या टेबलाला काच आहे. पर्स उघडली आणि एकेक नट त्या काचेवर ठेवला. टक, टक, टक. टायवाले बघत राहिले.

"साहेब, हा माझा चार्ट," म्हटलं. "पंढरीने निरोप वाचला नव्हता. कुणीच वाचत नाही. मी वाटाण्याच्या उसळीला आणि बॅचच्या तापमानाला एकच घंटा लावली, त्यामुळे ते सगळ्यालाच बहिरे झाले. नट त्याने ठेवला हे खरं, पण त्याला ठेवायला लावला मी. घरी बसवायचं तर सुरुवात माझ्यापासून करा."

आवाज कापला नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते.

साहेबांनी एक नट उचलला, हातात तोलला. "बाई, लई जड हाय हो हा," म्हणाले. शेवटी पंढरीला फक्त समज. निरोप एकतीस मार्चला बंद. मी स्टोअर्सला.

तेवढ्यात नौमान उठला. म्हणाला, "सर, नव्या मेलचं डिफॉल्ट कोण ठरवणार? मला रबाळ्याची माणसं माहीत नाहीत. मला महिनाभर मॅडम पाहिजेत."

एक टायवाला म्हणाला, "ज्यांनी अडवल्यावर वाचलं नाही, ते मोकळं सोडल्यावर वाचणार?"

साहेब म्हणाले, "बघू की. एक तारखेला खऱ्या कामाचा निरोप धाडा. कुणाला अडवायचं न्हाई. रबाळ्याकडनं आपणहून उत्तर आलं तर दोन्हीकडचं खातं बाईंकडं. न्हाई आलं तर प्लँट फोनवर आणि चिठ्ठ्यांवर, बाई स्टोअर्सला."

परतताना नौमानला म्हटलं, "माझी वशिलेबाजी करायला कुणी सांगितलं होतं?" तर म्हणतो, "वशिला नाही मॅडम, मॅन्युअल कोण लिहिणार?" बघा! म्हणजे मॅन्युअलची हमाली करायला मी हवी होते. तरीच. करंज्यांचा डबा त्याच्या हातात आपटला.

१२ मार्च, बुधवार

मॅन्युअल लिहून लिहून बोटं दुखली. पण एक काम माझ्या मनासारखं झालं, डिफॉल्ट मी ठरवलं. कॅन्टीन, वाढदिवस, सर्क्युलर यांना आवाज नाही, ते गुपचूप येऊन पडतील. घंटा फक्त लॅबच्या बदलांना. पोच बंद. ज्याला हवी त्याने आपली आपण चालू करावी. उत्तर एकट्याला जाईल, पण ड्रायर, मिक्सर आणि पॅकिंग यांचं आपसात सगळ्यांना, कारण शिफ्ट बदलते आणि पुढच्याला कळायला हवं.

मीठ बेताचं. नौमानला हे वाक्य ऐकवलं नाही, उगाच शेफारेल.

२१ मार्च, शुक्रवार

नौमान हल्ली केबिनमध्ये दिसतच नाही. तिन्ही पाळ्यांना प्लँटमध्ये असतो. काय करतो कुणास ठाऊक, बहुतेक चहा पीत गप्पा छाटत असणार. मी इथे मॅन्युअल लिहितेय आणि हा तिथे मजा मारतोय. परवा पंढरी त्याला "नौमानशेट" म्हणत होता. आज शर्ट हिरवा, काल लाल. त्याची बहीण मिस्बाह म्हणे रोज ओरडते, "भाईजान, होळी अजून यायची आहे." मी म्हटलं, बरोबर ओरडते. कामाचं म्हणशील तर काही नाही.

आज पंढरी प्रथमच केबिनमध्ये आला, दारात चप्पल काढून. "मॅडम, त्या मेलमदी खाली नाव येतं ना, त्यात माज्या गावाचा नाव टाकला तं चालंल का?"

"तुझी सही आहे, तुला हवं ते टाक," म्हटलं. म्हणजे याला सही बदलता येते हे माहीत आहे! मॅन्युअल तर अजून मी छापायलासुद्धा दिलेलं नाही. हुशार आहेत हो आमची माणसं, आपोआप कळतं त्यांना.

३१ मार्च, सोमवार

संध्याकाळी निरोप बंद केला. बंद करण्याआधी सगळ्या खात्यांना एक शेवटचा पाठवला, 'आठ वर्षं ऐकलंत, आभारी आहे.' पोच यायला वेळ लागला. या वेळी नट नव्हते ना. एकेकाने हाताने एंटर दाबलं. सगळ्यांची आली. मग मी स्विच काढला.

रडले नाही. खोकला आला फक्त, धुळीने. केबिनमध्ये धूळ नाही, पण आला.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी लॅबने खराखुरा बदल दिला. मी नव्या मेलमध्ये माझ्या हाताने टाइप केला. रोमन लिपीत मराठी, कारण यंत्राला अजून आपली अक्षरं येत नाहीत. 'निळी बॅच पंच्याऐंशी अंशांवर.' पाठवला. शेजारी जयप्रकाशसाहेब खुर्ची ओढून बसलेले. बेलापूरचे दोन टायवालेही आलेले, तमाशा बघायला.

काही नाही. आवाज नाही, कागद नाही. स्क्रीन आपला कोरा. कुणालाही अडवलेलं नव्हतं. कुणीही न वाचता पुढे जाऊ शकत होतं. त्या क्षणी मला निरोपची इतकी आठवण आली! देवा, एक नट तरी पाठव, असं वाटलं. एक टायवाला घड्याळाकडे बघून गालात हसला. स्टोअर्सच्या बादल्या डोळ्यांसमोर आल्या.

मग ड्रायरकडून उत्तर आलं.

'वाचला. पन मॅडम, पाळीला दोन निळ्या बॅच हायत. फिक्या निळीला पंच्याऐंशी का गडदीला? सांगतलात की लावतो. तवर दोनी थांबवल्यात. पंढरी, ड्रायर, मु. बोनकोडे.'

मी पुन्हा वाचलं. खरंच की! दोन बॅच होत्या आणि मी कुठली ते लिहिलंच नव्हतं. निरोपात या माझ्या चुकीला क्षणात पोच आली असती आणि पुन्हा बॅच करपली असती. लॅबला विचारून कळवलं, फिक्या निळीला. त्यावर पंढरीचं 'लावला'. आणि मग धडाधड सुरू झालं. मिक्सर, 'ड्रायरचं वाचलं, आम्ही पण थांबतो.' पॅकिंग, 'समजलं, फिकी उशिरा येणार, पोती नंतर काढतो.' रात्रपाळीच्या लोकांनी तर आपणहून पोच चालू करून ठेवलेली, कुणी सांगितलं नसताना! म्हणजे त्यांनी तो सेटिंगचा पडदा शोधून, उघडून, स्वतःच्या हाताने बदललं.

जयप्रकाशसाहेब उठले. "बाई, हे माणसं वाचायलेत हो," म्हणाले. टायवाल्यांकडे बघून म्हणाले, "शिका जरा." बस. खातं माझं. दोन्हीकडचं.

मला असा अभिमान आयुष्यात वाटला नव्हता. चार्टच्या दिवशीसुद्धा नाही. तो अभिमान माझ्या यंत्राचा होता, हा माझ्या माणसांचा आहे. कुणी अडवलं नाही, कुणी शिकवलं नाही, मॅन्युअल हातात नाही, तरी पठ्ठ्यांनी करून दाखवलं! साहेबांना मी तसं सांगितलंही, की सर, रबाळ्याचं पाणीच वेगळं.

नौमान मागे भिंतीला टेकून उभा होता, शर्टावर पिवळा रंग. म्हटलं, "बघितलंस? शिकवावं लागत नाही." तो म्हणाला, "हो ना मॅडम." आणि दारातून पंढरी त्याच्याकडे बघून हसला. हसू दे. आज सगळ्यांनीच हसावं असा दिवस आहे.

५ एप्रिल, शनिवार

नट फेकले नाहीत. सगळ्यांत मोठा टेबलावर ठेवलाय, कागद उडू नयेत म्हणून.

सुधीरने गेले काही दिवस ही डायरी चोरून वाचली आहे, हे आज कळलं. एकदम म्हणाला, "वैजू, त्या पोराने महिनाभर तिन्ही पाळ्यांना खाली काय केलं असेल गं?" मी म्हटलं, "गप्पा मारल्या." तो हसला आणि म्हणाला, "बरं." आता यात 'बरं' म्हणण्यासारखं काय आहे? मग मी भाजी निवडत बसले होते आणि निवडता निवडता हात थांबला. त्या शर्टाचे रंग आठवले. पंढरीची सही आठवली. मॅन्युअल अजून छापखान्यात आहे, मग यांना शिकवलं कुणी?

अगं बाई.

फोन उचलला, ठेवला. काय म्हणणार होते? ज्याने पंढरीला बोलतं केलं, मला खातं दिलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला, त्याला काय पोच देणार? सोमवारी जयप्रकाशसाहेबांना सांगणार आहे, सगळ्यांसमोर, टायवाल्यांसकट, की हे काम नौमानचं. शब्दसुद्धा त्याचेच. माझ्या हाताखाली असलं पोरगं आहे म्हणून माझी मान आणखी ताठ होईल ती वेगळीच.

तेवढ्यात बेल वाजली. दारात नौमान, आज शर्ट पांढराशुभ्र. हातात डबा. सकिना नाव कोरलेला. "अम्मीने दिलाय. करंज्यांना काहीतरी उत्तर नको का, म्हणते." उघडला तर गरम सांदणं, तांदळाची, वर नारळाचं दूध.

"नौमान, पोचेला पोच नाही, असा नियम केला होता ना आपण?"

"तो मशीनला, मॅडम. अम्मीला कोण सांगणार?"

त्याला आत बसवलं, सुधीरने आधीच दोन सांदणं तोंडात टाकली होती. डबा घासून ओट्यावर पालथा घातलाय. उद्या बेसनाचे लाडू करते.